कणकेचे गर्भ आणि आमच्या बाई

आमच्या बाई वर्गात यायच्या तेव्हा त्यांच्या एका हातात हजेरीपट असायचा आणि दुसऱ्या हातात पितळेचा पुडाचा डबा. नव्या मुलांना वाटायचं, मॅडमचं जेवण राहिलं असेल. डबा उघडला की आतून कणकेचे तीन गोळे निघायचे. एक निळा, एक लाल, एक पिवळा. निळ्यात कपड्यांची नीळ, लालात कुंकू, पिवळ्यात हळद. आईच्या पोटातलं बाळ सुरुवातीला एवढ्याच तीन थरांचं असतं, हे त्या फळ्यावर काढून दाखवत नसत. टेबलावर तीन चपट्या पोळ्या एकावर एक ठेवायच्या, कडा आत दुमडायच्या, एका टोकाला चिमटा काढून डोकं करायचं, आणि पाहता पाहता त्या पोळीची वळलेली, शेपटीवाली आकृती व्हायची. मग त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "हाँ, अब ये आप हैं."

एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने सगळ्यांना हसवायला म्हणून पिवळ्या गोळ्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला. बाई रागावल्या नाहीत. उरलेलं कणकेचं बाळ त्याच्या समोर ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "पिवळा थर खाल्लास. फुप्फुसांचं अस्तर त्यातून होतं, यकृत त्यातून होतं, थायरॉईड त्यातून होते. आता हे बाळ जगणार कसं ते सांग." तो पोरगा तास संपेपर्यंत उभा होता. पुढे तो कानपूरकडे मोठा फुप्फुसांचा डॉक्टर झाला. त्याच्या कुंडलीत तो कणकेचा तुकडा होता, असं आम्ही म्हणायचो.

ही सत्तरच्या दशकातली झाशी, आणि तिथलं मेडिकल कॉलेज; बाई आम्हाला गर्भशास्त्र शिकवायच्या. मी नगऱ्यात, रेल्वेवाल्यांच्या वस्तीत वाढले. वडील रेल्वेत गार्ड, मूळचे भुसावळकडचे. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. आईच्या तोंडून तिच्या शाळेतल्या बाईंच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्या होत्या की, शिकवणारी स्त्री म्हणजे 'बाई' हे डोक्यात पक्कं बसलं होतं. पहिल्याच आठवड्यात शंका विचारायला उठले आणि तोंडातून निघून गेलं, "बाई, एक विचारू?"

वर्ग हशाने फुटला. आमच्याकडच्या हिंदीत बाई म्हणजे एकतर मोलकरीण, नाहीतर कोठ्यावर गाणारी. मला जमीन दुभंगावी असं झालं. बाईंनी हातातला निळा गोळा खाली ठेवला.

"झाँसी में रहते हो," त्या म्हणाल्या, "और 'बाई' सुनके हँसते हो?"

त्यानंतर कुणी हसलं नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, "बोल गं, काय अडलंय?" बाकी सगळ्यांच्या त्या मॅडम होत्या. माझ्या मात्र त्या दिवसापासून बाईच.

त्यांचं मराठी आमच्यासारखं नव्हतं. त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी इथे कारभार बघायला आले आणि इथलेच झाले. बाई पातेल्याला तपेली म्हणत, परातीला तसराळं म्हणत, आणि मध्येच "बैठ ना, काहे उभी आहेस" असंही म्हणत. माझं मराठी ऐकून म्हणायच्या, "तुझ्या बोलण्याला इंजिनाच्या कोळशाचा वास येतो." ते कौतुक होतं की टोमणा, मला कधी कळलं नाही.

त्यांची एक खोड सगळ्या शहराला ठाऊक होती. बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. लग्नासमारंभात बायकांना वाटे, डॉक्टरीणबाईंची नजर आपल्या हारावर आहे. जवळच्या बरुआसागर गावची एक म्हातारी आलं-हळद घेऊन बाजारात बसायची. तिला एकदा बाई म्हणाल्या, "अम्मा, जरा पाणी पिऊन दाखव." म्हातारीने बिचकत लोटा तोंडाला लावला. घोट घेताना गळ्यातला फुगवटा वर सरकतो का, हे बाई वाकून बघत होत्या. म्हातारीला वाटलं, दृष्ट लावतायत. तिने टोपली उचलून जागाच बदलली. बाई पुढचे कित्येक दिवस तिला शोधत होत्या, कारण फुगवटा खरोखरच सरकला होता, म्हणजे तो थायरॉईडचाच होता. शेवटी सापडली तेव्हा तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं, आणि वर तिच्याकडून पावशेर आलंही घेतलं.

पण बाई म्हटलं की मला आधी आठवते ती ग्रंथींची मिरवणूक.

आमचा व्याख्यानाचा हॉल पायऱ्यांचा होता. सगळ्यात वरची पायरी म्हणजे गर्भाचं तोंड, खालचं टेबल म्हणजे छाती, असं बाईंनी जाहीर केलं. मग मुलांना उठवून ग्रंथी केलं. वर्गातला सगळ्यात जाडा मुलगा थायमस, म्हणजे छातीत जाऊन बसणारी ग्रंथी. त्याच्या सदऱ्याला दोन काटकुळे चिकटवले, त्या गळ्यातल्या छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी. दुसऱ्या दोघांना एक पायरी खाली उभं केलं. त्याही पॅराथायरॉईडच.

"आता थायमस निघेल," बाई म्हणाल्या, "आणि जाताना आपल्या माणसांना ओढून नेईल. वरून निघालेले खालच्यांच्या पुढे निघून जातील. पुढे आयुष्यभर तिथेच राहतील. परीक्षेत उलट लिहिलंत तर ह्यालाच तुमच्या अंगावर सोडीन."

जाडा निघाला. वेग त्याच्या हातात राहिला नाही. दोन्ही काटकुळे फरफटत गेले, एकाच्या हातात सदऱ्याचं बटण आलं, आणि थायमस टेबलावर धडकून छातीच्याही खाली गेला. पण ते उत्तर परीक्षेत एकानेही चुकवलं नाही.

थायरॉईड मी होते. मला वरच्या पायरीवर अगदी मधोमध उभं केलं होतं. "ही जिभेच्या मुळाशी जन्मते," बाई सांगत होत्या. "तिथे अजूनही आपल्या सगळ्यांच्या जिभेवर एक बारीक खळगी आहे. तिथून ही खाली निघते, मधल्या वाटेने, आणि गळ्यात येऊन बसते, अंगाची आणि बुद्धीची वाढ सांभाळायला. चल गं. मध्ये थांबू नकोस. काही जणी मध्येच थांबतात, काही जन्मल्या तिथेच राहतात. त्या राहिल्या जागीही बिचाऱ्या आपलं काम करतच असतात. पण लोकांना कळत नाही. लोक त्यांना गाठ समजून कापतात."

तेव्हा आम्ही हे सगळं हसत हसत ऐकलं.

मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसणाऱ्या ग्रंथीची त्यांची शिकवणी त्याहून निराळी. लाल कणकेची वाटी करायची आणि तिच्यात निळा गोळा ठेवून तोंड बंद करायचं. "बाहेरची साल तिथल्याच मातीतली. आतला गर पाठीच्या कण्याजवळून चालत आलेला, परका. आता सांगा, घर कुणाचं?" मग स्वतःच सांगायच्या, "दोघांचं. तुम्ही घाबरलात की दोघेही तुमच्यासाठी धावतात. आधी कोण आलं हे तेव्हा कुणी विचारत नाही."

मी त्यांच्या घरी जाऊ लागले ते त्यांच्याचमुळे. कणीक भिजवायला हात हवेत म्हणाल्या. गेले तर तिथे हात आधीच होते. स्वयंपाकघरात पाटावर बसून एक अगदी लहानखुरे गृहस्थ तसराळ्यात कणीक मळत होते. मला आधी मूलच वाटलं. मग त्यांनी मान वर केली. गालांवर पांढरे खुंट होते. चेहरा सुजल्यासारखा, जीभ थोडी जड, नजर इतकी निवांत की आपणच घाईत आहोत असं वाटावं.

"या," ते घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे म्हणाले. "बसा."

"हे आमचे नाना," बाई म्हणाल्या. नाना त्यांचे धाकटे भाऊ होते, पण त्या त्यांना अहो-जाहो करायच्या. का, ते पुढे एकदा नकळत बोलून गेल्या : "दुसरं कुणी करत नाही ना." गल्लीतली पोरं नानांची नक्कल करायची. म्हणून बाईंनी त्यांना बाहेर नेणं कधीच बंद केलं होतं. घर, अंगण आणि कणकेचं तसराळं एवढंच त्यांचं जग होतं. कणीक मात्र ते अशी मळायचे की बोट रुतवलं तर खूण हळूहळू भरून यायची. उरलेल्या तुकड्यांच्या ते चिमण्या करायचे. काळी मिरी डोळ्यांना लावायचे.

मी पहिल्या वर्षाला होते. नानांना काय झालंय ते मला समजलं नाही, आणि बाईंनी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी माझी पाळी कान-नाक-घशाच्या वॉर्डात लागली. तिथे गुड्डी आली. तिचे वडील मोठ गावच्या गल्ला मंडीत, म्हणजे धान्यबाजारात, पोती उचलायचे. गुड्डी वयाने दहा-अकराची होती, दिसायला सहा-सातची. कातडी कोरडी, केस विरळ. तोंडात गरम घास धरल्यासारखं बोलायची. आडवी झाली की गुदमरायची, म्हणून बापाच्या छातीला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायची. तोंड उघडून आरसा आत धरला तेव्हा जिभेच्या पार मागे, अगदी मधोमध, एक गुळगुळीत लालसर गोळा दिसला, बोरापेक्षा मोठा.

आमचे सर्जनसाहेब हाताचे फार चांगले होते, मनाचेही. त्यांनी बापाला धीर दिला, "निकाल देंगे, बच्ची चैन से सोएगी." दोन दिवसांनी ऑपरेशन ठरलं.

त्या संध्याकाळी मी बाईंकडे गेले होते. चहा पिताना सहज बोलले, वॉर्डात अशी अशी मुलगी आली आहे. बाई कणकेत नीळ मिसळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"गळ्यात काय आहे?"

"गोळा. सांगितलं ना, जिभेच्या मागे—"

"जीभ नाही विचारली. गळा. खाली, इथे." त्यांनी निळं बोट स्वतःच्या गळ्याला लावलं. "कुणी चाचपून पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. गोळा समोर दिसत असताना गळ्याकडे कोण बघतो?

सकाळी बाई वॉर्डात हजर. गळ्यावर कालची नीळ तशीच होती. त्यांनी गुड्डीला पाणी प्यायला लावलं, दोन्ही हातांनी तिचा गळा चाचपला, पुन्हा चाचपला. मग सर्जनसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"वो गाँठ नहीं है. वो उसकी थायरॉईड है. नीचे उतरी ही नहीं. वो निकाल दी तो उसके पास दूसरी नहीं है."

"मॅडम," सर्जनसाहेब म्हणाले, आवाज न चढवता, "हाथ को न लगे, इसका मतलब ये नहीं कि है नहीं. दुबले बच्चों में मुझे भी नहीं मिलती. और आप जार में रखे बच्चों की डॉक्टर हैं. ये ज़िंदा है."

"इसीलिए तो आई हूँ," बाई म्हणाल्या.

दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. खात्री करायचा एकच मार्ग होता. किरणोत्सारी आयोडीन पाजून गळ्याचं चित्र काढायचं. थायरॉईड जिथे असेल तिथे ते आयोडीन गोळा होतं. पण ते यंत्र लखनौला. सर्जनसाहेबांनी ऑपरेशनचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाले, मी थांबतो, पण तो बाप थांबणार नाही.

आणि तो थांबेचना. पोरगी रोज डोळ्यांदेखत गुदमरतेय, आणि ही कोण कुठली डॉक्टरीण लखनौची गोष्ट करतेय. "काए खों लखनऊ?" तो हात जोडून, पण चिडूनच म्हणाला. "इतईं काट दो. मोड़ी सोउत नइयाँ." लखनौ कशाला, इथेच कापून टाका, पोरगी झोपत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बाईंनी त्याला समजावलं, कागदावर चित्र काढून दाखवलं, त्याच्या बुंदेलीत बोलल्या. तो मान खाली घालून ऐकत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर तेच म्हणत होता. शेवटी बाई उठून निघून गेल्या. मला वाटलं, हरल्या.

तासाभराने दवाखान्याच्या आवारात टांगा थांबला. आधी बाई उतरल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि नाना उतरले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा कोट, बहुधा कधीच न घातलेला, कारण बाह्यांच्या घड्या तशाच होत्या. किती वर्षांनी ते घराबाहेर पडले होते कोण जाणे. फाटकाशी बसलेली माणसं बघायला लागली, कुणीतरी हसलंही. बाईंनी नानांचा हात सोडला नाही आणि पावलांचा वेगही वाढवला नाही. नानांच्या चालीने, सावकाश, त्या सगळा लांबलचक व्हरांडा चालून वॉर्डात आल्या.

"ये मेरे छोटे भाई हैं," त्यांनी गुड्डीच्या बापाला सांगितलं.

त्याने आधी पोर समजून बघितलं. मग त्याला पांढरे खुंट दिसले. तो खाटेवरून उठून उभा राहिला.

"इनके गले में वो चीज़ कभी बनी ही नहीं," बाई म्हणाल्या. "जब तक मैं डॉक्टर बनी, जब तक समझी, बहुत देर हो गई थी. तुम्हारी बिटिया के पास है. गलत जगह है, छोटी है, पर है. इतने साल उसी ने इसको ज़िंदा रखा है. उसे मत फेंको, भैया. पहले देख तो लें."

सर्जनसाहेब दारात उभे होते, ते कधी आले कुणाला कळलं नाही. नानांना या कशाचा पत्ता नव्हता. त्यांनी कोटाच्या खिशातून कणकेची चिमणी काढली आणि गुड्डीच्या पांघरुणावर ठेवली. खिशात दबून तिचा एक पंख वाकडा झाला होता. तो त्यांनी बोटाने सावकाश सरळ केला.

"घ्या," ते म्हणाले.

गुड्डीने चिमणी उचलली आणि बापाकडे बघून खुदकन हसली. बापाने नानांकडे पाहिलं. मग डोक्याचा गमछा काढून त्याने तोंड पुसलं.

"हओ," तो म्हणाला. "चलो लखनऊ."

माझ्या वडिलांनी गाडीत जागा करून दिली. बाई, गुड्डी, तिचा बाप आणि मी. वाटेत मोठ लागलं तेव्हा गुड्डी खिडकीला नाक लावून ओळखीची झाडं दाखवत होती. लखनौला पोचल्यावर तिने आयोडीन प्यायलं, तोंड वाकडं केलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या हातात चित्र पडलं. जबड्याच्या जागी वर एक काळा ठिपका. खाली गळा पूर्ण रिकामा.

मला ओरडावंसं वाटलं. बाईंनी मात्र चित्र उजेडाकडे धरलं. "एकुलती एक आहे," एवढंच म्हणाल्या.

झाशीला परतल्यावर सर्जनसाहेबांनी ते चित्र पाहिलं. त्यांनी काही सबब सांगितली नाही. खुर्चीतून उठले, बाईंसाठी ती पुढे सरकवली आणि म्हणाले, "कल सुबह मेरे लड़कों को आप पढ़ाइए. यहीं, वॉर्ड में." पुढे ते निवृत्त होईपर्यंत त्यांच्या वॉर्डात गळा चाचपल्याशिवाय कुणाच्या घशातल्या गाठीला हात लागला नाही, आणि त्याला सगळे 'मॅडमवाला हाथ' म्हणायचे.

गुड्डीला थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. शरीराला जे हवं ते बाहेरून मिळू लागलं, तसा त्या एकट्या ग्रंथीवरचा भार हलका झाला. गोळा कापावा लागला नाही, महिन्या-महिन्याने आक्रसत गेला. एक दिवस दुपारी ती तपासणीसाठी आली आणि बाकावर झोपून गेली. तिचा बाप आम्हाला हाताने खुणावत होता, आवाज करू नका, बघा बघा. ती आडवी झोपली होती. हातपाय पसरून, तोंड मिटून. बाई, सर्जनसाहेब आणि मी, आम्ही तिघे एका झोपलेल्या पोरीकडे बघत उभे होतो, आणि कुणाला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

वॉर्डात आले त्या दिवसानंतर नानांचं घरात बसणं संपलं. दर आठवड्याला ते बाईंबरोबर टांग्यातून यायचे, आजारी पोरांच्या खाटांवर चिमण्या ठेवत फिरायचे. फाटकाशी हसणारी माणसं हळूहळू "राम राम नानाजी" म्हणायला लागली. नाना थांबून प्रत्येकाला "या, बसा" म्हणायचे, मग ते रस्त्यात का असेना. त्यांचं शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. बाई तेव्हा रडल्या की नाही मला माहीत नाही. तेराव्यानंतर मी भेटायला गेले तर त्या स्वतः कणीक मळत होत्या. "नानांसारखी होत नाही," म्हणाल्या, "पण मुलांचा तास आहे उद्या."

बाई निवृत्त झाल्या तोवर मी लहान मुलांची डॉक्टर झाले होते आणि शहरातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात काम करत होते. एका सकाळी त्या तिथे येऊन रुग्णांच्या रांगेत बसल्या. आत बोलावलं तर आल्या नाहीत, पाळी आल्यावरच आल्या.

"मी सगळा जन्म बाळ पोटात असेपर्यंतचंच शिकवलं," त्या म्हणाल्या. "बाहेर आल्यावर पुढे काय, मला येत नाही. ते मला शिकव."

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. गुड्डी वाढली, तिचं लग्न झालं, घर सांभाळू लागली. पण शाळा तिला शेवटपर्यंत जमली नव्हती. इतकी वर्षं डोक्याला जे कमी पडलं, ते गोळ्यांनी मागे वळून भरून आलं नाही. बाईंना ते सलत होतं. "नानांपर्यंत मी पोचलेच नाही. गुड्डीपर्यंत उशिरा पोचले. आता वेळेवर पोचायचं." जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि दिल्लीला तपासायला पाठवायचा. ग्रंथी जन्मतःच कमी असेल तर पहिल्या काही दिवसांत कळतं, आणि तेव्हाच गोळी सुरू केली तर मूल इतर मुलांसारखंच वाढतं.

मला हे झेपेल असं वाटत नव्हतं. कोवळ्या बाळाला सुई टोचायची म्हटल्यावर सासवा भांडायला उठायच्या. बाई त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून त्यांच्याच बोलीत सगळं सांगायच्या. पहिल्या पहिल्यांदा टोचताना बाईंचाच थेंब टिपकागदाबाहेर पडायचा. गर्भ ठेवलेल्या बरण्या हाताळण्यात आयुष्य गेलं होतं, हलणाऱ्या टाचेची त्यांना सवय नव्हती. पण सवय झाली. रिपोर्ट यायचे, सगळे चांगले यायचे. वर्ष सरलं. मीच एकदा म्हणाले, बाई, उगाच टोचतोय का आपण? त्या पुढच्या बाळाची टाच पुसायला लागल्या.

मग बरुआसागरच्या एका मुलीचा रिपोर्ट वाईट आला.

जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत दिसत होती. फक्त झोपाळू होती, आणि रडायची ते घोगरं, अडखळत, दोन हुंदके देऊन थांबायची. घरचे म्हणायचे, किती गुणी लेकरू आहे, त्रासच देत नाही. रिपोर्ट हातात येताच बाई मिळेल त्या बसने बरुआसागरला गेल्या, घर शोधलं आणि आई-बाळाला घेऊन संध्याकाळच्या आत परत आल्या. गोळी कुटून, आईच्या दुधात कालवून चमच्याने पाजली. तो पहिला चमचा बाईंनीच धरला होता.

काही आठवड्यांनी तिला तपासायला आणलं. बाई नेहमीच्या स्टुलावर बसल्या होत्या, मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. बाळाला ते पसंत पडलं नाही. त्याने मुठी आवळल्या, चेहरा लाल केला आणि जे भोकाड पसरलं ते बाहेरच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. स्वच्छ, खणखणीत, न थांबणारं. आई ओशाळली. "आजकल ऐसेई रोउत है, पूरो मोहल्ला जगा देत," म्हणत तिने बाळाला घ्यायला घाईघाईने हात पुढे केले.

बाई अलीकडे कुणाशीही मराठीतच बोलायच्या, समोरच्याला कळो न कळो.

"रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "ऐकू दे मला."

आईला मराठीचा शब्द येत नव्हता. पण तिने हात मागे घेतले.